पहिली आणीबाणी आणि मिस इंडिया



कांदिवली पूर्वेला राहणाऱ्यांना लष्कराच्या डेपोची भिंत माहीत आहे. 'सीओडी' म्हणजे सेंट्रल ऑर्डनन्स डेपो हे शब्द रिक्षावाल्यांपासून शाळकरी मुलांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतात. १९४०च्या दशकापासून इथली जमीन लष्कराच्या ताब्यात आहे. भिंतीच्या अलीकडे आपले भाजीवाले, क्लासेस, सोसायट्या; पलीकडे सैन्याचं सामान. युद्ध म्हणजे सरहद्दीवर दूर कुठेतरी चालणारी गोष्ट, असं आपल्याला वाटतं. पण ती भिंत आपल्या रोजच्या रस्त्यावरच आहे.

आजचा विषय त्या भिंतीसारखाच आहे. युद्धाच्या काळात देशाची सौंदर्यस्पर्धा होते, तेव्हा नेमकं काय घडतं? विषय हलका वाटेल. आम्हालाही सुरुवातीला तसाच वाटला होता. पण तारखा एकाशेजारी एक मांडत गेलो, तसा तो जड होत गेला.

पहिली गोष्ट तारखांचीच. 'आणीबाणी' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर २५ जून १९७५ येते. पण भारताने पहिली आणीबाणी पाहिली ती २६ ऑक्टोबर १९६२ रोजी. चिनी सैन्य २० ऑक्टोबरला चालून आलं आणि सहा दिवसांत राष्ट्रपतींनी घटनेच्या ३५२व्या कलमाखाली आणीबाणी जाहीर केली. चीनने २१ नोव्हेंबरला एकतर्फी युद्धबंदी केली. म्हणजे युद्ध महिनाभराचं. आणि आणीबाणी कधी उठली? १० जानेवारी १९६८ रोजी. पाच वर्षं अडीच महिने! मध्ये नेहरू गेले, शास्त्रीजी आले, पाकिस्तानशी युद्ध झालं, ताश्कंद झालं, शास्त्रीजी गेले, इंदिराबाई आल्या, एक सार्वत्रिक निवडणूकही झाली. कागदोपत्री मात्र देश सलग युद्धाच्या आणीबाणीत होता. संरक्षण कायदा आणि त्याखालचे 'डिफेन्स ऑफ इंडिया रूल्स' लागू होते. त्या नियमांखाली माणसाला खटल्याशिवाय आत टाकता येत होतं, आणि अनेक कम्युनिस्ट नेत्यांना तसं टाकलंही गेलं.

आता दुसरी यादी शेजारी ठेवू. 'फेमिना' मासिकाची मिस इंडिया स्पर्धा १९६४ साली सुरू झाली; पहिली विजेती मेहेर मिस्त्री, पुढे फॅशनवर लिहिणाऱ्या मेहेर कॅस्टेलिनो म्हणून ज्या प्रसिद्ध झाल्या त्या. १९६५ साली पर्सिस खंबाटा. १९६६ साली यास्मिन दाजी. त्याच १९६६ मध्ये 'ईव्ह्ज वीकली' या साप्ताहिकाच्या स्पर्धेत रीटा फारिया. १९६७ साली 'ईव्ह्ज वीकली'चीच नक़ी जहान. या सगळ्या स्पर्धा त्या एकाच आणीबाणीच्या आत बसतात. सीमेवर तोफा धडाडत होत्या आणि इकडे मुली रॅम्पवर चालत होत्या, असं चित्र मात्र कुणी रंगवू नये. १९६५चं युद्ध सप्टेंबरमध्ये झालं. मिस युनिव्हर्स स्पर्धा जुलैमध्ये व्हायची, त्यामुळे फेमिनाची निवड त्याआधीच उरकलेली असायची. पण कायद्याच्या दृष्टीने तो सगळा काळ युद्धाचाच होता, आणि त्या कायद्याने घराघरांत हात घातलेला होता. कुठपर्यंत, ते पाहू.

१९६२च्या पराभवाशी मुंबईचं नातं अगदी जवळचं. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन हे मुंबईच्या उत्तरेकडच्या मतदारसंघातून निवडून आलेले. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांनी आचार्य कृपलानींना हरवलं होतं. नोव्हेंबरमध्ये त्यांना जावं लागलं आणि त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य तेव्हापासून आपल्याकडे घरोघरी झालं. राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी बायकांनी हातातल्या बांगड्या, गळ्यातल्या साखळ्या काढून दिल्या. ते स्वखुशीचं होतं. त्यानंतर जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाईंनी आणलेलं सुवर्ण नियंत्रण मात्र सक्तीचं होतं. १४ कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचे दागिने घडवायला बंदी आली. आणि हा नियम आला तो थेट संरक्षण नियमावलीतून. शत्रूशी लढण्यासाठी केलेल्या नियमांत बाईच्या पाटल्या किती कॅरेटच्या असाव्यात हेही लिहिलं गेलं! सोनारांचे धंदे बसले, काहींनी जीव दिला. पुढे नियम सैल झाले, पण त्यातली मूळ कल्पना लक्षात ठेवा: युद्धकाळात बाईच्या अंगावर काय असावं, हा सरकारचा विषय होऊ शकतो.

सोन्यानंतर परकीय चलन. त्या काळी परदेशी जाणाऱ्या भारतीयाला सोबत किती पैसे नेता येत? तीन पौंड. आज विमानतळावर दोन कप कॉफीलाही पुरणार नाहीत. इंग्लंडला गेलेल्या त्या पिढीतल्या कुणालाही विचारा, 'खिशात तीन पौंड होते' हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. त्यात जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं. ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर एका रात्रीत साडेसात रुपयांना गेला. लागोपाठ दोन वर्षं पावसाने दगा दिला. सोमवारी रात्री जेवण सोडायचं शास्त्रीजींचं आवाहन ताजं होतं. रेशनच्या रांगेत अमेरिकन लाल गहू मिळत होता. एकट्या १९६६ साली सुमारे १ कोटी टन धान्य बाहेरून आलं, त्यातलं बहुतेक 'पीएल-४८०' या अमेरिकन योजनेखाली. आपल्याच आकुर्ली रोडवर ट्रॅक्टरचा कारखाना उभा राहिला तोही याच दशकात. धान्य पिकवणं हा तेव्हा संरक्षणाइतकाच निकडीचा प्रश्न होता. 'जय जवान'च्या शेजारी 'जय किसान' आलं ते उगाच नाही.

या वर्षात, म्हणजे १९६६ मध्ये, माटुंग्याची एक गोवेकर मुलगी ग्रँट मेडिकल कॉलेजात डॉक्टरी शिकत होती. रीटा फारिया. जन्म २३ ऑगस्ट १९४३. उंची पाच फूट आठ इंच. आधी 'मिस बॉम्बे' झाली, मग 'ईव्ह्ज वीकली'ची मिस इंडिया आणि तिथून लंडनच्या मिस वर्ल्ड स्पर्धेला. तिने पुढे मुलाखतींत सांगितलेल्या हकिकतीत तीन गोष्टी पुन्हा पुन्हा येतात: कपडे उसने घेतलेले, पोहण्याचा पोशाख पर्सिस खंबाटाकडून मागून आणलेला (आणि तोही मापात न बसणारा), आणि खिशात तीन पौंड.

ही हकिकत नेहमी 'बघा, किती साधी मुलगी होती' अशा कौतुकाने सांगितली जाते. आम्हाला वाटतं, त्यात साधेपणाइतकाच युद्धकाळातला अर्थव्यवहार आहे. तीन पौंड हा तिचा स्वभाव नव्हता, तो रिझर्व्ह बँकेचा नियम होता. देशाची प्रतिनिधी म्हणून पाठवायची, पण देशाच्या तिजोरीतून तिला चपला घेण्याइतकंही चलन द्यायचं नाही, अशी ती परिस्थिती. स्पर्धा भरवणारं खासगी साप्ताहिक. देश तिच्या खांद्यावरच्या पट्टीवर होता, तिच्या पाकिटात नव्हता.

१७ नोव्हेंबर १९६६ रोजी लंडनच्या लायसियम बॉलरूममध्ये ५१ देशांच्या मुली उतरल्या. रीटा फारिया जिंकली. विश्वसुंदरी होणारी ती पहिली आशियाई. संध्याकाळच्या पोशाखाच्या फेरीत ती साडी नेसून उभी राहिली होती. दुसरी आली युगोस्लाव्हियाची निकिका मारिनोविच. म्हणजे पहिले दोन्ही क्रमांक अलिप्ततावादी देशांकडे! युगोस्लाव्हिया हा शब्द ध्यानात ठेवा, शेवटी आपण तिकडे परत जाणार आहोत.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना आवडते. अडचण सुरू होते ती पुढच्याच महिन्यात.

मिस वर्ल्ड ही स्पर्धा एरिक मॉर्ली यांनी १९५१ साली सुरू केलेली, एका ब्रिटिश करमणूक कंपनीच्या छत्राखाली. विजेतीचं वर्षभराचं वेळापत्रक करारानं बांधलेलं असे. अमेरिकन विनोदवीर बॉब होप नाताळात सैनिकांसाठी करमणुकीचा ताफा घेऊन जात. १९६४च्या त्यांच्या ताफ्यात त्या वर्षीची विश्वसुंदरी अ‍ॅन सिडनी होती. डिसेंबर १९६६ मध्ये रीटा फारिया होती. ताफा गेला तो व्हिएतनामला. तिथे त्या वर्षअखेरीस अमेरिकेचे सुमारे ३ लाख ८५ हजार सैनिक होते.

आता भारत व्हिएतनामच्या बाबतीत कुठे उभा होता? १९५४च्या जिनिव्हा करारानंतर तिथे जो आंतरराष्ट्रीय नियंत्रण आयोग नेमला गेला, त्याचं अध्यक्षपद भारताकडे होतं. सोबत कॅनडा आणि पोलंड. आपले अधिकारी हनोईत आणि सायगावात बसलेले. जुलै १९६६ मध्ये इंदिरा गांधी मॉस्कोला गेल्या, तिथल्या संयुक्त निवेदनात उत्तर व्हिएतनामवरचे बाँबहल्ले थांबवा अशी मागणी झाली. त्यावर अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन चिडले, आणि गव्हाची जहाजं हात राखून सोडणं हा त्यांचा तेव्हाचा रिवाज. अशा वेळी भारताच्या नावाची पट्टी मिरवलेली मुलगी अमेरिकन छावणीतल्या स्टेजवर उभी! भारतात टीका झाली, नाराजी झाली. जी मुलगी नोव्हेंबरमध्ये देशाची शान होती, तिला महिन्याभरात देशाच्या धोरणाचा जाब विचारला जाऊ लागला.

ही टीका सगळीच खोटी होती, असं आम्ही म्हणणार नाही. निवाडा करायला बसलेल्या देशाचा चेहरा एका पक्षाच्या छावणीत दिसला, तर दुसऱ्या पक्षाला त्याचा अर्थ लावावासा वाटणारच. शिवाय त्या स्टेजचा उपयोग काय होता, हेही स्पष्ट होतं. घरापासून हजारो मैलांवर, मरणाच्या दारात ठेवलेल्या विशीतल्या पोरांना तासभर विसर पाडायचा. युद्ध चालवायला दारूगोळ्याइतकीच त्याचीही गरज असते.

पण दुसरी बाजू पाहा. त्याच महिन्यांत आपलं सरकार काय करत होतं? व्हिएतनामवर अमेरिकेला बोल लावत होतं आणि अमेरिकेचाच गहू उतरवून घेत होतं. आम्ही यात सरकारची लबाडी पाहत नाही. पन्नास कोटींच्या आत-बाहेर कुठेही लोकसंख्या असो, भुकेल्या देशाला दोन्ही करावं लागतं: तोंडाने तत्त्व आणि हाताने पोतं. राज्यकर्त्यांना ही ओढाताण परवडते, तिला मुत्सद्देगिरी म्हणतात. तेवीस वर्षांच्या, करारानं बांधलेल्या विद्यार्थिनीने मात्र एकच शुद्ध बाजू घ्यावी, अशी अपेक्षा. सगळ्या देशाला जी सुसंगती जमत नव्हती, तिचा हिशेब एका मुलीकडे मागितला गेला. आमच्या मते आजच्या विषयाचा गाभा हाच आहे.

युद्धकाळात मुकुट घातलेली बाई कुणाची असते? कंपनी म्हणते, करार आमच्याशी. देश म्हणतो, नाव आमचं. ती स्वतः कुणाची, हा प्रश्न कुणी विचारत नाही. आणि तेव्हाची कायद्याची स्थिती लक्षात घेतली, तर हा प्रश्न नुसता भावनेचा नव्हता. १९६६ साली पासपोर्ट हा नागरिकाचा हक्क नव्हता, सरकारची मर्जी होती. द्यायचा की नाही, परत मागायचा की नाही, याला कायदाच नव्हता. १० एप्रिल १९६७ रोजी, म्हणजे व्हिएतनामच्या दौऱ्यानंतर चार महिन्यांच्या आत, सतवंत सिंग सहानी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परदेशी जाण्याचं स्वातंत्र्य हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे आणि कायद्याशिवाय सरकार ते अडवू शकत नाही. मग त्याच वर्षी पासपोर्ट कायदा झाला. त्या खटल्याचा रीटा फारियाशी काही संबंध नाही. पण ती ज्या वर्षी जगभर फिरत होती, त्याच वर्षी आपण देश म्हणून हे ठरवत होतो की सरहद्द ओलांडणारा माणूस कुणाच्या मर्जीवर असावा.

याआधीचंही एक उदाहरण आहे. १९४७ साली मिस इंडिया ठरली प्रमिला, म्हणजे कलकत्त्याच्या ज्यू घरातली एस्थर व्हिक्टोरिया अब्राहम, मुंबईच्या सिनेमातली नटी आणि पुढे निर्माती. ते वर्ष फाळणीचं. तिच्याबद्दल असं सांगितलं जातं की सिनेमांच्या कामासाठी पाकिस्तानात वारंवार जाते म्हणून हेरगिरीच्या संशयावरून तिला पकडलं गेलं आणि नंतर ते निराधार ठरलं. वर ज्या नक़ी जहानचा उल्लेख केला, ती हिचीच मुलगी. आई फाळणीच्या वर्षी मिस इंडिया, मुलगी पहिल्या आणीबाणीच्या शेवटच्या वर्षी. वीस वर्षांत मुकुट तोच, आणि संशयाची नजरही फारशी बदललेली नाही.

आता थोडं बाहेर जाऊ. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. १९४३ची मिस अमेरिका जीन बार्टेल गावोगाव फिरली आणि तिने २५ लाख डॉलरहून अधिक किमतीचे युद्धकर्जरोखे विकले. तिथे गोंधळच नव्हता: बाईचं रूप, स्पर्धा आणि सरकार तिघं एकाच गाडीत बसलेले. मुकुट थेट युद्धाच्या कामाला जुंपलेला.

याच्या अगदी उलट टोक म्हणजे सारायेव्हो. मघाशी युगोस्लाव्हिया हा शब्द राखून ठेवला होता. लंडनमध्ये आपल्या शेजारी उभा राहिलेला तो देश १९९०च्या दशकात फुटला. बोस्नियाच्या राजधानीला एप्रिल १९९२ पासून वेढा पडला. पाणी आणायला बाहेर पडलेली माणसं डोंगरावरच्या बंदुकांना बळी पडत होती. त्या वेढ्यात २९ मे १९९३ रोजी शहरातल्या लोकांनी सौंदर्यस्पर्धा भरवली. सतरा वर्षांची इनेला नोगिच जिंकली. स्पर्धक मुली एक फलक धरून उभ्या राहिल्या, त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं: आम्हाला मारू देऊ नका. तिथे मुकुट कंपनीचा नव्हता आणि सरकारचाही नव्हता. आम्ही अजून जिवंत आहोत, केस विंचरतो, उंच टाचांच्या चपला घालतो, एवढंच जगाला दाखवायचं होतं. सौंदर्यस्पर्धांवरचे आपले सगळे आक्षेप योग्य असतील, बाईच्या शरीराला मापं लावण्याविरुद्धची स्त्रीवादी टीका आम्हाला बव्हंशी पटते. पण त्या फलकापुढे आम्हीही गप्प होतो.

या दोन टोकांच्या मधे रीटा फारियाची गोष्ट आहे. ती रोखे विकणारी नव्हती, फलक धरणारीही नव्हती. मग तिने काय केलं? वर्षाची मुदत संपली आणि ती परत डॉक्टरीकडे वळली. चित्रपटांची, मॉडेलिंगची दारं उघडी होती, त्यातून ती आत गेली नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये पुढचं शिक्षण, १९७१ साली डॉक्टर डेव्हिड पॉवेल यांच्याशी लग्न, आणि १९७३ पासून डब्लिन. मुकुट कुणाचा हा वाद ज्यांना घालायचा होता त्यांनी घालावा. तिने स्टेथोस्कोप उचलला. याला बंड म्हणावं की नाही, आम्हाला ठाऊक नाही. पण सगळे तिच्यावर हक्क सांगत असताना आपला दिवस कशात घालवायचा हे तिने स्वतः ठरवलं, एवढं नक्की.

१० जानेवारी १९६८ला ती आणीबाणी उठली. ३ डिसेंबर १९७१ला पुन्हा लागली, बांगलादेशच्या युद्धासाठी. ती मार्च १९७७ पर्यंत राहिली. १९७५ची 'अंतर्गत' आणीबाणी आली ती या दुसरीच्या अंगावर घातलेली. म्हणजे १९६२ ते १९७७ या पंधरा वर्षांतली दहाहून अधिक वर्षं देश आणीबाणीत होता, आणि त्या वर्षांतही मिस इंडिया निवडल्या जातच होत्या. आपल्याला त्या स्पर्धा आठवतात, ती आणीबाणी आठवत नाही. युद्धकाळाची सवय अशीच लागते. ब्लॅकआउटचा काळा कागद खिडकीवरून निघतो, नियम मात्र कागदावर राहून जातात, आणि लोक त्यांच्यासकट लग्नं लावतात, सिनेमे बघतात, मुकुट घालतात.

मधे आम्ही म्हटलं होतं, युद्धकाळात बाईच्या अंगावर काय असावं हा सरकारचा विषय होऊ शकतो. शेवटी एवढंच जोडू: ती कुठे उभी राहावी हा सगळ्यांचाच विषय होतो. आजही कुठे ताण वाढला की खेळाडूने हस्तांदोलन करावं का, नटीने कुणाबरोबर काम करावं, गायिकेने कुठे गावं, याच्या याद्या निघतात. अशी यादी हातात आली, तर एकदा रीटा फारियाचे ते तीन पौंड आठवा. आपण त्या माणसाला देश म्हणून काय दिलं आहे आणि त्याच्याकडून काय मागतो आहोत, हा हिशेब आधी करू, मग बोलू.

घरी जाताना त्या डेपोच्या भिंतीवरून जाल, तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंना एकदा नजर टाका.